तारीख काढावी कशी? बाँडवर आलेल्या नव्या डॉक्टरांसाठी पहिली पुस्तिका

विरारहून सुटलेली लोकल डहाणू रोडला संपते. रूळ पुढे गुजरातेत जातात, लोकल जात नाही. तुम्हीही इथंच उतरलात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्टेथोस्कोप आणि खिशात औषध कंपनीच्या माणसानं फुकट दिलेलं पुठ्ठ्याचं गोल चाक. एमबीबीएस झालात, वर्षभराचा बाँड लागला आणि डहाणू नाहीतर तलासरी तालुक्यातलं एखादं आरोग्य केंद्र वाट्याला आलं. अभिनंदन!

पहिल्याच दिवशी एक बाई समोर येऊन बसेल आणि तिची सासू विचारेल, "डॉक्टर, तारीख किती?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवणारी ही पुस्तिका. लेखक मंडळ असं : उपकेंद्रातल्या एक सिस्टर, दोन आशाताई, एक अंगणवाडीताई आणि गाडीचे ड्रायव्हर. मंडळात एकही डॉक्टर नाही, कारण डॉक्टर वर्षभरानं बदलतात.

साहित्य

चाक : एक, वर सांगितलेलं.
भिंतीवरचं कालनिर्णय : दोन, एक या वर्षीचं आणि एक मागच्या वर्षीचं. एक जानेवारीला जुनं कॅलेंडर उतरवून रद्दीत घालणाऱ्यानं या कामात पडू नये.
शिंप्याची टेप : एक.
निश्चय किट : आशाताईंच्या पिशवीत असतं, मागून घ्यावं.
बोटं : स्वतःची, थंड नसलेली.
धीर : लागेल तसा.

धडा पहिला : नऊ महिने सात दिवस

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या. त्यात नऊ महिने मिळवा, वर सात दिवस घाला. झाली तारीख. हायडलबर्गचे प्राध्यापक फ्रान्झ नेगेले (१७७८ ते १८५१) यांच्या नावानं हा नियम जगभर चालतो. या प्राध्यापकांनी सुईणींसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं होतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा; सुईणीशी बोलताना आपोआप आवाज खाली येईल. आपल्या आज्यांचा नियम नऊ महिने नऊ दिवसांचा. फरक दोन दिवसांचा, आणि तेवढा तर जर्मनीहून सायवनला यायला लागतोच.

उदाहरण घेऊ. एका बाईची शेवटची पाळी २०२५ च्या राखीपौर्णिमेला, म्हणजे ९ ऑगस्टला आली. नऊ महिने, ९ मे. सात दिवस, १६ मे २०२६. बोटांवर मोजलेत तर बरोबर २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे भरतील. या बाईला आपण पुस्तिका संपेपर्यंत सोडायचं नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नेगेलेंचा नियम पाळी २८ दिवसांनी येते असं धरून चालतो. जिची ३५ दिवसांनी येते तिच्या तारखेत आठवडा वाढवा. दुसरं, गर्भ राहतो तो साधारण चौदाव्या दिवशी, पण मोजणी सुरू होते पाळीपासून. म्हणजे कार्डावर दोन आठवड्यांची गरोदर असलेली बाई मुळात गरोदर नसतेच. सरकारी खात्यात वेळेआधी सुरू होणारं एवढं एकच काम आमच्या पाहण्यात आहे.

धडा दुसरा : पाळी विचारणे

"एलएमपी काय?" असं विचारू नये. "शेवटची पाळी कधी आली?" असंही एकदम विचारू नये. विचारलंत तर बाई सासूकडे बघेल, सासू छताकडे बघेल, तुम्ही घड्याळाकडे बघाल आणि कार्डावर महिन्याची एक तारीख पडेल. रजिस्टर चाळून बघा. ज्या केंद्रात निम्म्या बायकांची पाळी एक, दहा नाहीतर पंधरा तारखेला आलेली असते, तिथं पाळी डॉक्टरांनी आणलेली असते.

आपली भाषा बाईला दिवस गेले हे सांगते. कुठल्या दिवशी गेले, ते शोधून काढावं लागतं. आमच्या आशाताई ते असं शोधतात.

"आवणी उरकली होती का गं?"

"उरकली होती."

"गणपती बसले होते?"

"नाय. मागून बसले."

"मग राखीला? भाऊ आला होता ना तुझा?"

"आला होता. कंपनीत सुट्टी घेऊन."

"तेव्हा पाळी होती?"

"त्याच दिवशी आली. भाकऱ्या टाकत होते त्याच्यासाठी, तव्यावरची तशीच ठेवून उठले."

तव्यावर जळलेली भाकरी म्हणजे ९ ऑगस्ट, शनिवार. तीन मिनिटं लागली, चाकाची गरज पडली नाही. तुमच्या सोयीसाठी इथलं पंचांग खाली देतो. पाठ करा.

शिमगा : फाल्गुन पौर्णिमा, बहुधा मार्च.
महालक्ष्मीची जत्रा : चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस. जत्रेत बांगड्या भरल्या त्याआधी की नंतर, हे नक्की विचारा.
आखाती : अक्षय्य तृतीया. राब भाजून झालेले असतात, पाऊस लांब असतो.
पेर : जूनचा पहिला पाऊस.
आवणी : जुलै. कंबर वाकलेली असते, त्यामुळे पाळीचं दुखणं वेगळं आठवत नाही. जपून विचारा.
वाघबारस : धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. वाघ्याची पूजा कुणी चुकवत नाही, म्हणून ही खूण पक्की.
भात झोडणी : दिवाळीच्या पुढेमागे.

सण जुळला की आठवडी बाजार विचारा. सणानं आठवडा कळतो, बाजारानं वार.

तरीही चुका होतात. सगळ्यात जुनी चूक अशी की तुम्ही पाळीचा पहिला दिवस विचारता आणि बाई डोक्यावरून पाणी घेतल्याचा दिवस सांगते. चार-पाच दिवस तिथंच गळाले. दुसरी, अंगावर पाजणाऱ्या आईची. मागचं मूल झाल्यापासून पाळी आलीच नाही आणि पुन्हा दिवस गेले, तर शेवटची पाळी निघते दोन वर्षांपूर्वीची. नियम लावलात तर पोटातलं मूल एव्हाना अंगणात पळत असायला हवं. पाळणा लांबवायला 'अंतरा'चं इंजेक्शन घेणारीच्या पाळीचंही असंच. आणि गर्भ राहिल्यावर कधीकधी थोडंसं दिसतं, त्याला पाळी समजलं तर तारीख महिनाभर पुढे जाते.

खलाशांच्या पाड्यात मात्र पाळी आठवली नाही तरी अडत नाही. या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी बाप्ये गुजरातेत, पोरबंदर-ओख्याच्या बोटींवर असतात. पावसाळी मासेमारीबंदी एक जूनपासून. मग ते घरी येतात आणि ऑगस्टात पुन्हा बोट धरतात. तिथं विचारायचं, "बोट कधी लागली आणि कधी सुटली?" गर्भ राहिल्यापासून २६६ दिवस मोजायचे. जून-जुलैचा हिशेब फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत पोचतो. नेगेलेंच्या हायडलबर्गला समुद्र नाही, म्हणून ही रीत त्यांच्या नावावर नाही.

धडा तिसरा : चंद्र

हा धडा परीक्षेला नाही, पण सासूपुढे मान राखायला उपयोगी पडतो.

चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. २८० दिवसांत असे जवळजवळ साडेनऊ महिने बसतात. म्हणून नऊ चांद्रमास पुढे जा आणि पक्ष बदला. पौर्णिमेची पाळी, तर अमावस्येची तारीख. अष्टमीची पाळी, तर पुढच्या पक्षातली अष्टमी. आपल्या बाईची श्रावण पौर्णिमा. नऊ महिन्यांनी वैशाख पौर्णिमा, पंधरा दिवसांनी वैशाख अमावस्या. कालनिर्णय उघडा : १६ मे २०२६. जर्मन प्राध्यापक आणि आकाशातला चंद्र एकाच दिवशी येऊन थांबले. क्वचित एखाददुसरा दिवस इकडेतिकडे होईल, तेवढ्यावरून चंद्राशी भांडू नये.

फक्त अधिक महिना सांभाळा. तो मधे आला तर महिन्यांची नावं फसवतात. नावं मोजू नका, चंद्र मोजा. आपल्या बाईच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी, १७ मेला, अधिक ज्येष्ठ लागतो. बाळ एक दिवस जरी रेंगाळलं तरी ते धोंड्याच्या महिन्यातलं वाण ठरेल आणि नावापुढे धोंडू लागायची भीती राहील.

धडा चौथा : बोटं आणि टेप

बाईला झोपवा, पाय दुमडायला सांगा, हात घासून गरम करा. गर्भाशयाचा वरचा काठ शोधा. बारा आठवड्यांना तो ओटीपोटाच्या हाडावर नुकता हाताला लागतो. छत्तीसला छातीच्या हाडाच्या टोकाशी टेकतो. चाळीसला डोकं खाली बसतं आणि काठही खाली येतो, बायका म्हणतात, "पोट उतरलं." बेंबीशी तो आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत २४ आठवड्यांना येतो, अमेरिकन पुस्तकांत २० आठवड्यांना. बेंबी तीच, पुस्तकं दोन. तुम्ही कोणतं वाचलंत ते सिस्टरना आधी सांगून ठेवा.

चोविसाव्या आठवड्यानंतर टेप लावा. जितके सेंटिमीटर, साधारण तितके आठवडे. मूल पहिल्यांदा फिरल्याचंही विचारा : पहिलटकरणीला ते विसाव्या आठवड्याच्या सुमाराला कळतं, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन-चार आठवडे आधी, कारण काय शोधायचं ते तिला माहीत असतं.

आता नवख्यांची मोठी चूक. कार्ड म्हणतं ३४ आठवडे, टेप म्हणते ३०. नवखा डॉक्टर म्हणतो, "तारीख चुकलीय," आणि कार्डावर खाडाखोड करून बाळंतपण महिनाभर पुढे ढकलतो. सगळे खूश. पण पहिली तारीख भाकरीच्या साक्षीनं काढलेली असेल, तर ती चुकलेली नसते. बाळ वाढलेलं नसतं. आई आवणीत, झोडणीत उभी होती, ताटात भात आणि मीठ होतं, रक्त आठाच्या खाली होतं. तुम्ही तारीख सरकवलीत की बाळाच्या उपासमारीचा पुरावा खोडरबरानं पुसला जातो. टेप आणि तारीख जुळत नसतील तर तारखेला हात लावू नका. बाईला वर पाठवा, रक्त आणि सिकलसेल तपासून घ्या, अमृत आहारातलं अंडं तिनंच खाल्लं की घरच्या धाकट्याला दिलं ते अंगणवाडीताईंना विचारा.

धडा पाचवा : सोनोग्राफी, म्हणजेच तीन तारखा

बाई तीन कागद पुढे करेल. पहिल्यावर १८ मे, दुसऱ्यावर ११ मे, तिसऱ्यावर २ जून. नवरा विचारेल, "यातली खरी कुठली?"

त्याला हे सांगा. मशीनला तारीख कळत नाही. मशीन बाळाचं माप घेतं आणि त्या मापाचं मूल सरासरीनं किती दिवसांचं असतं ते छापतं. पहिल्या तीन महिन्यांत जगातली सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, मग ते मूल बोर्डीच्या वाडीमालकाचं असो की त्याच्या वाडीत चिकू उतरवणारीचं. म्हणून तेव्हाचा अंदाज आठवडाभराच्या आत बसतो. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या घरच्या ताटाप्रमाणे वाढतं. शेवटच्या तीन महिन्यांत हाच अंदाज तीन आठवडे मागेपुढे होऊ शकतो.

नियम असा. पाळीची तारीख पक्की आहे आणि पहिली सोनोग्राफी आठवड्याच्या आत जुळते, तर पाळीची ठेवा. आपली बाई १६ मेलाच राहिली. पाळी आठवतच नसेल तर पहिल्या सोनोग्राफीची घ्या. एकदा ठरली की तारीख बदलायची नाही. दुसरा-तिसरा कागद बाळाची वाढ बघायला वापरा. आणि कागद बघताना कुणी हळूच "काय आहे?" असं विचारलं, तर १९९४ च्या कायद्याचं स्मरण करून मुकं व्हा.

धडा सहावा : अंदाज म्हणजे काय

ठरल्या तारखेला जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. ३७ ते ४२ आठवड्यांतलं बाळंतपण वेळेवरचं समजावं. आपल्या बाईसाठी याचा अर्थ २५ एप्रिल ते ३० मे. शहरात हे सांगितलं तर लोक फसवल्यासारखं बघतात. इथं समजावून सांगावं लागत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलते आहे. हैदराबादचे शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसली, थंडीत माणसं घराबाहेर झोपली. "पुन्हा होणार का?" याचं उत्तर हो असं मिळालं, "कधी?" याचं मिळालं नाही. होणार हे माहीत असणं आणि कधी ते माहीत नसणं, या दोन्हींच्या मधे अंथरूण घालून झोपायला ज्यांना येतं त्यांना संभाव्यता शिकवू नये. त्यांच्याकडून शिकावी. मडकी चुलीपासून लांब, कागदपत्रं पिशवीत, पिशवी दाराजवळच्या खुंटीला. बाळंतपणाची तयारी वेगळी काय असते?

धडा सातवा : कधी नाही, कुठे

इथवर शिकलात ते चाकावरही मिळालं असतं. हा धडा चाकावर नाही.

तारीख काढून झाली की लगेच विचारा, "त्या दिवशी बाई कुठे असेल?" इथली माणसं कामाला जात नाहीत, जगायला जातात, शब्दच तसा आहे. दिवाळी झाली, भात घरात आलं की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जोड्या निघतात. जोडी म्हणजे नवरा-बायको. उचल पावसातच घेऊन, खाऊन झालेली असते. परत यायचं ते पुढच्या पावसाच्या तोंडावर, हिशेब फिटला तर.

आपल्या बाईचं कालनिर्णय पुन्हा काढा. पाळी ९ ऑगस्ट. सप्टेंबरच्या मध्यावर निश्चय किटवर दोन रेघा. बारा आठवड्यांच्या आतली नोंदणी १ नोव्हेंबरपर्यंत व्हायला हवी. वाघबारस १७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन २१ ला, आणि त्यानंतर कुठल्याही पहाटे ती टेम्पोत बसेल. म्हणजे नोंदणी, पहिली तपासणी, रक्त आणि ती एक मोलाची सोनोग्राफी यांसाठी तुमच्या हातात महिना-सव्वा महिना. दर महिन्याच्या नऊ तारखेला सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते. ९ ऑक्टोबर चुकवलात तर पुढची नऊ तारीख भट्टीवर उजाडेल.

आणि १६ मे? ती तारीखही भट्टीवरच पडते. एप्रिलच्या मध्यात तिनं परत यावं असं तुम्ही म्हणाल. बरोबरच आहे. पण ती आली की जोडी मोडते, जोडी मोडली की हजारी विटांचा भाव मोडतो आणि उचल अंगावर राहते. "आराम करा" हे लिहून देण्याआधी तो आराम किती हजार विटांचा आहे ते विचारा. मग भट्टी कुठल्या गावी आहे ते विचारा. जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, तिथल्या आशाताईंचा फोन नंबर काय, हे कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा आणि कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घाला. चिखलाच्या कामात कागद टिकत नाही.

खलाशाच्या बायकोची तारीख मार्चात, तेव्हा नवरा समुद्रात. सही कोण करणार, रक्त कोण देणार ते आत्ता ठरवा. जिची तारीख जुलै-ऑगस्टात, तिच्या पाड्याला नाले किती आडवे येतात ते मोजा. पाणी चढलं की गाडी अलीकडे थांबते आणि पलीकडून डोली निघते. अशा बाईला चार-सहा दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात किंवा रस्त्याकाठच्या मावशीकडे आणून ठेवायचं. आणि तलासरीच्या टोकाला राहणारीची तारीख काढताना नकाशा उघडा : अवघड वेळ आली तर तिला पालघरपेक्षा वलसाड-सिल्वासा जवळ पडतं. कळा राज्याची हद्द बघत नाहीत, कागद बघतात. म्हणून रेफरची चिठ्ठी सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहावी.

चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन द्यायचं असतं. ते द्यायचं की नाही, हे रात्री दोन वाजता तुम्हाला अनोळखी असलेला एखादा डॉक्टर त्या कार्डावरच्या तारखेवरून ठरवेल. तव्यावरची ती भाकरी तिथपर्यंत पोचली पाहिजे.

धडा आठवा : खाली उतरा

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची कथा अशी सांगतात. देवीचं मूळ ठाणं गडावर. एक गरोदर भक्तीण दर्शनाला चढत होती, मधेच चक्कर येऊन पडली. देवीनं तिला नऊ महिने भरल्यावर ये असं सांगितलं नाही, की पायथ्याशी नोंदणी करून ये म्हटलं नाही. ती स्वतःच पायथ्याशी येऊन राहिली. आजही जत्रा भरते ती पायथ्याला. तुमची केबिन पहिल्या मजल्यावर असेल तर एवढी कथा पुरे.

सरावासाठी

प्रश्न १. पाळी आखातीला आली. बाळंतपण कुठल्या कामाच्या दिवसांत? (उत्तर : माघी पौर्णिमेच्या लगेच पुढे. बाई भट्टीवर.)

प्रश्न २. सोनोग्राफीचे तीन कागद, तीन तारखा. तुम्ही कुठली लिहाल? (उत्तर : चौथी लिहिणार नाही.)

प्रश्न ३. १६ मे उलटली, बाळ आलं नाही. चुकलं कोण? (उत्तर : कुणीच नाही. पण ३० मेपर्यंत वाट बघत बसाल तर तुम्ही.)

शेवटचा प्रात्यक्षिकाचा भाग ड्रायव्हरकडे आहे. प्रत्येक नव्या तारखेनंतर त्यांना गाठून ती सांगायची. त्यांच्याकडे एक मळकी डायरी असते, सीटखाली. आम्ही आपल्या बाईची १६ मे सांगितली. त्यांनी बोटावर काहीतरी मोजलं आणि डायरीत २५ एप्रिलच्या पानावर पाड्याचं नाव लिहिलं.

"अहो, तारीख सोळा मे आहे."

"ती बाळाची," डायरी सीटखाली सारत ते म्हणाले. "ही गाडीची."